लेखिकेचा होकार

ताईच्या पोटात दुखत होतं, आणि हे दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीचं पुस्तक गाजत होतं. तेही कुणावर, तर म्हाताऱ्यावर.

म्हातारा म्हणजे ताई जिथे नोकरी करायची त्या संस्थेचा संस्थापक, जाऊन जमाना झालेला एक तत्त्वज्ञ. त्याचं समग्र लेखन संपादित करण्यात ताईचं तारुण्य गेलं, चष्म्याचा नंबर वाढला, एक ठरत आलेलं लग्नही बारगळलं. जाडजूड खंड निघाले, ग्रंथालयांनी ते विकत घेतले आणि हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवले. धाकटीने तेच खंड वाचून तळहाताएवढं पुस्तक लिहिलं, आणि लोक ते बसथांब्यावर उभ्या उभ्या वाचायला लागले. याला म्हणतात आयत्या पिठावर रेघोट्या. 'ताईच्या खंडांशिवाय हे पुस्तक झालंच नसतं,' असं तिने सुरुवातीला लिहिलं होतं म्हणा. ताईला ते जास्तच झोंबलं.

तर म्हाताऱ्याचा एक जिवलग मित्र होता. त्यानेही एक ग्रंथ लिहिला, आणि म्हाताऱ्याने संस्थेच्या त्रैमासिकात त्या ग्रंथाच्या अशा चिंध्या केल्या की मित्राने पुन्हा म्हणून लेखणी उचलली नाही. हे भांडण निव्वळ तत्त्वाचं होतं, असं ताईने चौथ्या खंडात ठासून सांगितलं होतं. धाकटीचं म्हणणं, म्हाताऱ्याला मित्राचा मत्सर वाटला.

ताईकडे मात्र पुरावा होता. म्हाताऱ्याने त्रैमासिकाला एक नियम घालून दिला होता आणि तो अजून पाळला जायचा. कुणावर टीका करायची तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं आणि त्याच्यासमोर बसून वाचून दाखवायचं. 'हो, हेच माझं म्हणणं' असं त्याने सांगितलं तरच पुढचं खंडन छापायचं. लेखाच्या माथ्यावर मग 'लेखकाचा होकार आहे' अशी ओळ यायची. मित्रावरच्या लेखाच्या माथ्यावरही ती ओळ होती. ज्याच्या चिंध्या झाल्या त्यानेच मांडणी बरोबर म्हटली, मग मत्सर आला कुठून? ताईचा सगळा डोलारा या होकारावर उभा होता.

संस्थेचं वार्षिक व्याख्यान यंदा ताईचंच, असं सगळे धरून चालले होते. ताईने साडीसुद्धा काढून ठेवली होती. पुस्तक गाजलं आणि अध्यक्ष डळमळले.

"तुम्ही त्या पुस्तकावर लिहा," ते ताईला म्हणाले. "तुमचा लेख आला की व्याख्यान कुणाला द्यायचं ते ठरवू. आणि बहीण आहे म्हणून भीड धरू नका."

"छे, भीड कसली," ताई म्हणाली. तेवढं मात्र ती अगदी खरं बोलली.

लेख एका बैठकीत उतरला. मनात जाळ असला की हात कसे भराभर चालतात. धाकटीचं म्हणणं मांडताना तिने पुस्तकातलं मुख्य वाक्य घेतलं: 'ही टीका मत्सरातून जन्मली.' वाक्य तिथे संपत नव्हतं. पुढे होतं, 'पण ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नसावं, आणि मत्सरातून आली एवढ्यावरून ती टीका खोटी ठरत नाही.' ताईने सगळं वाक्य टाइप केलं, दोनदा वाचलं आणि मागचा भाग पुसून टाकला. तो राहिला असता तर धाकटी समंजस दिसली असती, आणि समंजस माणसाला झोडपता येत नाही. लेख फार लांबतोय, असं तिने मनाशी म्हटलं. लेख जेमतेम चार पानांचा होता.

रविवारी सकाळी ती होकार घ्यायला धाकटीकडे गेली. धाकटीने टेबलावरचा वाळलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीत टाकला, कॉफी आणून ठेवली आणि समोर बसली.

"वाच," ती म्हणाली.

ताई वर न बघता वाचत गेली. ते अर्धं वाक्य आलं तेव्हा तिचा आवाज भरभर पळाला. वाचून संपलं तेव्हा धाकटी ताईच्या हातातल्या कागदाकडेच बघत होती. स्वतःचं वाक्य कोण विसरतं? तिला कळलं होतं. आता ती वाद घालणार, याची ताई वाटच बघत होती. भांडणात धाकटी तिला लहानपणापासून कधी पुरी पडली नव्हती.

"हो," धाकटी म्हणाली. "हेच माझं म्हणणं."

"नक्की?"

"लिही ना, लेखिकेचा होकार आहे म्हणून. व्याख्यान तुझंच व्हायला हवं ताई. किती राबलीस तू."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर परवडला असता. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालची पोर, हिला अक्षरं मी गिरवायला शिकवली, आणि ही माझी कीव करते. व्याख्यान दान करते मला. तिने रागारागाने पेन उघडलं आणि लेखाच्या माथ्यावर 'लेखिकेचा' एवढं लिहिलं. पुढचा शब्द लिहिताना हात अडला.

होकार असाही मिळतो तर. मांडणी खोटी असली तरी मिळतो. समोरच्याचा आपल्यावर जीव असला की पुरतं. तो मित्रही असाच समोर बसला असेल, त्यालाही कळलं असेल, आणि तरी तो हो म्हणाला असेल. नसेलही. आता कोण सांगणार? पण होकार होता म्हणजे भांडण निव्वळ तत्त्वाचं होतं, हे चौथ्या खंडातलं वाक्य यापुढे छातीठोकपणे म्हणता येणार नव्हतं. उभी हयात त्या वाक्यावर काढली होती तिने.

"होकार मागे घे," ताई म्हणाली.

"असू दे गं."

"मागे घे म्हणते ना."

धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं, घेतला. हे माझं म्हणणं नाही. अर्धंच आहे."

ताईने पुसलेला भाग कागदाच्या कडेला हाताने लिहिला आणि सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं. या वेळी हो म्हणताना धाकटीचा आवाज मोकळा होता.

"असं छापलंस तर व्याख्यान मला देतील," ती म्हणाली.

"देऊ देत. मी पहिल्या रांगेत बसून जळेन. तुझं पुस्तक आलं त्या दिवसापासून जळतेच आहे."

धाकटीने खुर्चीतला एक टॉवेल उचलला आणि उगाच घडी घालत बसली. मग म्हणाली, "पण मग तुझ्या खंडनात आता उरलं काय?"

"एक उरलंय. त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नसावं, असं तू लिहिलंयस. तिथे तू चुकलीस."

"कशावरून?"

"तुझं अर्धं वाक्य मी पुसलं ना," ताई म्हणाली, "ते दोनदा वाचून पुसलं. सगळं ध्यानात असतं गं."