विनोदी अभिनयाचा कप

"हे पत्र पुन्हा डिक्शनरीतच ठेवू, का चुलीत घालू?" लीलाबाईंनी विचारलं.

दिवाळीची झाडझूड चालली होती. वामनराव स्टुलावर उभे राहून वरच्या फळीवरची पुस्तकं फडक्यानं पुसत होते. खाली न बघताच ते म्हणाले, "असू दे तिथंच."

"पोळ्यापासून असूच देऊन राहिली मी. कोन्या पोट्टीनं एवढं हौसेनं लिहिलं, अन् तुमच्याच्यानं दोन ओळी होत नाहीत."

दोन ओळी झाल्या नव्हत्या असं नाही. त्या पुष्कळदा झाल्या होत्या. 'चि. चंदा' असं लिहिलं की वामनरावांना ते फार वडीलधारं वाटे. 'श्रीमती चंदा तायडे' लिहिलं की बँकेचं पत्र वाटे. मग ते कागद घडी करून खिशात ठेवत आणि संध्याकाळी त्यावर वाण्याकडच्या सामानाची नावं लिहीत.

चंदा ही त्यांची अमरावतीच्या कॉलेजातली जुनी विद्यार्थिनी. आता अकोल्यात एसटीत कंडक्टर होती आणि सुटीच्या दिवशी नाटकं बसवत होती. तिचं पत्र साधं होतं. वामनरावांनी एका जुन्या, नावाजलेल्या इंग्रजी नाटकाचं मराठी रूपांतर केलं होतं. हौशी नाट्यस्पर्धेसाठी तिला ते करायचं होतं, आणि त्यासाठी त्यांची लेखी परवानगी हवी होती. शेवटी तिनं एक प्रश्न विचारला होता. 'सर, आपल्या नाटकात एकटी मोलकरीणच वऱ्हाडी काहून बोलते? बाकी घर काहून नाही?'

त्या 'काहून'नंच वामनरावांना अडवलं होतं.

नाटक होतं एका श्रीमंत घराचं. घरातली अंगठी हरवते, मोलकरणीला काढून टाकतात, आणि पुढे तिचं जे होतं त्याला घरातला एकेक माणूस कसा जबाबदार आहे, हे एका संध्याकाळी उघडं पडत जातं. वामनरावांनी बरीच वर्षं ते वर्गात शिकवलं होतं. शिकवताना ते स्वतः रंगून जात आणि मुलं खिडकीबाहेर बघत. मग एका उन्हाळ्यात त्यांनी ते मराठीत आणलं. इंग्रज मालकाचा केला कापसाची जिनिंग फॅक्टरी चालवणारा शेठ, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला ते झालं. मोलकरीण होती चंदा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची.

तिसऱ्या अंकात मोलकरीण दारात उभी राहून म्हणते, "मी काहून जाऊ? म्या काय केलं?" लिहिताना या वाक्यापाशी वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या वाक्याला सभागृह हसून हसून लोटपोट झालं. चंदा क्षणभर थांबली आणि पुढचं वाक्य बोलली. पुन्हा हशा. बक्षीस समारंभात नाव पुकारलं गेलं, 'उत्कृष्ट विनोदी अभिनय, कुमारी चंदा तायडे.' तिनं कप घेतला. पहिल्या रांगेत वामनरावांनीही टाळ्या वाजवल्या, कारण बाजूला प्राचार्य वाजवत होते.

चंदाची आई केशरबाई चार घरची धुणीभांडी करायची, हे वामनरावांना नंतर कळलं. त्यानंतर बाजारात कुठं चंदा दिसली की ते भाजीच्या दुकानात शिरत, भाजी नको असली तरी.

"अकोला काही लंडनात नाही," लीलाबाई म्हणाल्या. त्यांनी पत्र डिक्शनरीत न ठेवता वामनरावांच्या सदऱ्याच्या खिशात खोचलं. "लिहिनं होत नसंन तर जाऊन सांगा. रविवारी तालीम असते म्हणून लिहिलं हाये तिनं."

"जाऊन काय सांगू?"

"नाई म्हनाचं असंन तं नाई म्हना. पन म्हना बाप्पा काहीतरी."

रविवारी सकाळी वामनराव बडनेऱ्याहून गाडीत बसले. मूर्तिजापूर गेलं तेव्हा त्यांनी ठरवलं की स्पष्ट माफी मागायची. बोरगाव मंजू येईपर्यंत ठरवलं की परवानगीचा कागद कुणाच्या तरी हाती देऊन परत फिरायचं. तो कागद मात्र अजून लिहायचाच होता.

तालीम एका विहाराच्या सभागृहात होती. दाराशी चपलांचा ढीग. वामनरावांनी आपले बूट सगळ्यांत कडेला काढले आणि शेवटच्या रांगेत खांबाआड बसले. समोर जिनिंगचा मालक खुर्चीत रेलून बसला होता. पोट सुटलेला, कपाळाला आठ्या.

"अवं, आपल्या घरात काही कमी हाये का, म्हनून आपन तिच्या मांगं लागू?" मालक बायकोला म्हणाला. "पन अंगठी तं गेली ना? मंग कोनाचं तरी नाव घ्याच लागते."

वामनराव दचकले. मालक वऱ्हाडी बोलत होता. मालकीण, पोरगा, चौकशीला आलेला अधिकारी, सगळेच. आणि तो मालक हुबेहूब त्यांच्या अंजनगावच्या काकांसारखा बोलत होता. काकांच्या दोन जिनिंग होत्या, दाराशी मोटार होती, आणि ते मरेपर्यंत 'मले' आणि 'तुले'च म्हणाले. वामनरावांचं लहानपण त्यांच्या ओसरीवर गेलं होतं. मग आपण लिहिलेला मालक बोलायला पुण्याचा कसा झाला?

मोलकरीण झालेली मुलगी दारात आली. तिनं आवाज चढवला नाही.

"मी काहून जाऊ? म्या काय केलं?"

कुणी हसलं नाही. कोपऱ्यात पोहे निवडत बसलेल्या एका म्हातारीचा हात सुपात थांबला. मालकानं पाठ फिरवली, आणि त्या फिरवण्यात थोडी भीती होती. तेच वाक्य, तीच बोली. घरात सगळे तसंच बोलत होते, म्हणून ते नुसतं एका मुलीचं बोलणं झालं होतं. वामनरावांनी चष्मा काढून पुसला.

"मनोज, तू पाठ फिरवून राहिला का एसटी वळवून राहिला?" पुढून एक खणखणीत आवाज आला. "हळू फिर जरा. शरम वाटते तुले, घाई नाही." सगळे हसले. मालक झालेला मनोज तिच्याच डेपोतला ड्रायव्हर होता. चंदा वळली. "अन् थे मांगं कोन बसलं हाये खांबाआड? तिकीट घेतलं का?"

वामनराव उभे राहिले. "मी... अमरावतीहून आलो. कॉलेजातला..."

"सर!" ती पळतच आली आणि पाया पडायला वाकली. केस पिकायला लागले होते, आवाज मात्र तोच.

"आपलं पत्र मिळालं होतं," वामनराव म्हणाले. "आपल्याला उत्तर..."

"मले आपण काहून म्हणून राहिले? मी काय तहसीलदार हाये?"

पोहे बाजूला सारून म्हातारी जवळ आली. "ही मायी माय," चंदा म्हणाली. तीच केशरबाई. वामनराव पाठ केलेलं सगळं विसरले. ते एकदम म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमच्या मुलीला लोक हसले. चूक माझी होती."

केशरबाईंनी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "कधी? थे कपाच्या दिवशी? अवो सर, पयले तं मीच हासली!"

"तुम्ही?"

"मंग! एवढी मोठी लाइटं, एवढे साहेब लोक, अन् आमची चंदा घरी बोलते तशीच बोलून राहिली. जलमात पयल्यांदा पायलं. मले असं हासू फुटलं का आवरेच ना. मंग बाजूची हासली, मंग सारेच."

 इतकी वर्षं ज्या हशाला वामनराव भ्याले, तो एका आईच्या कौतुकातून सुटला होता.

"माय, सारे तुह्यासारखे नव्हते हासत," चंदा हळू म्हणाली. "समोरच्या खुर्च्यांतले वेगळं हासले. मी स्टेजवर होती, मले समजत होतं." मग ती त्यांच्याकडे वळली. "म्हणून तं विचारलं सर. तुमच्यावर राग नाही. कप अजून हाये घरी, माय त्यात तीळ ठेवते. पन प्रश्न खरा हाये का नाही?"

"खरा आहे." वामनराव शब्द शोधू लागले. "मूळ नाटकात मालकाची भाषा वेगळी, नोकराची वेगळी. तिकडं बोलण्यावरूनच माणसाची पायरी कळते. मला वाटलं, तसंच्या तसं उचलून इथं ठेवावं. आपल्याकडं मालकही..." ते अडखळले. काका ओसरीवर बसलेले डोळ्यांपुढे आले. "आपल्याकडं मालकही असाच बोलते वं. मायाच काका तसे बोलत. मले समजलंच नाही!"

 मग मनोज पोट धरून हसला, मग सगळे, आणि त्यात वामनराव स्वतःही. वर्गात, व्यासपीठावर, कुठंही ते असं बोलले नव्हते. घरी लीलाबाईंशीसुद्धा पुस्तकीच बोलत.

"आता बोलले ना सर!" चंदा म्हणाली.

पोहे झाले, चहा झाला. वामनरावांनी खिशातून पेन काढलं. "कागद दे. परवानगी लिहून देतो."

चंदानं मान हलवली. "हाती नका देऊ. अर्जाले अजून पंधरा दिवस हायेत. पोस्टानं पाठवा."

"आता मी इथं आलोच आहे, तर..."

"मी पोस्टमनची लय वाट पायली, सर. डेपोत रोज विचारत होती. माया नावानं येऊ द्या एकदा."

परत येताना गाडीत त्यांनी मनात पत्र लिहिलं, आणि ते मध्येच अडलं नाही. घरी टेबलाशी बसून कागदावर उतरवायला मात्र दुसरी सगळी सकाळ गेली, कारण 'मले' आणि 'तुले' लिहायची हाताला सवय नव्हती. लीलाबाईंनी उभ्यानंच वाचलं.

'चंदा, तुले परवानगी हाये. तू जे बदललं थे बरोबर हाये. माया नावाखाली तुह्यं नाव टाकजो. वऱ्हाडी रूपांतर: चंदा तायडे. नाही टाकलं तर परवानगी रद्द समजजो.'

"आमच्या घरचंच वाटते," लीलाबाई म्हणाल्या, आणि चप्पल शोधू लागल्या. "चला, मी बी येते. तुमी वाटेतून परत आनसान."

राजापेठच्या कोपऱ्यावर पोस्टाची पेटी होती. वामनरावांनी पाकीट आत सोडलं आणि बोटं तशीच फटीत ठेवून उभे राहिले. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला टेकल्याचा आवाज स्पष्ट आला.

"पडलं?" लीलाबाईंनी विचारलं.

"पडलं वं," वामनराव म्हणाले.