पुढच्या नंबराने लिहायची पानं

मी एक वही बोलतेय. दुकानात डझनाच्या गठ्ठ्यात येतात त्यांच्यातली नव्हे. मला एका माणसाने मुद्दाम बसून शिवलंय. नांदेडच्या इतवाऱ्यात खाजामियाँचं बाइंडिंगचं दुकान आहे, तिथे माझा जन्म झाला. जाड कागद, दाभणाने ओवलेला दुहेरी दोरा, घरी शिजवलेली खळ आणि पाठीला लाल कापड. इतकी मजबूत वही त्याने गिऱ्हाइकासाठीही कधी केली नसेल.

याला कारण होतं. खाजामियाँ स्वतः बी.ए. झालेला. त्याच्या वर्गाला पास होऊन पंचवीस वर्षं झाली तेव्हा बावीस जण नांदेडला जमले. जेवले, रडले, फोटो काढले आणि 'आता भेटत राहू' असं एकमेकांना सांगून आपापल्या गाडीला लागले. असं म्हणणारी माणसं भेटत नाहीत, हे खाजामियाँला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तो मला शिवायला बसला.

माझ्या पहिल्या पानावर बावीस नावं आहेत, कॉलेजच्या हजेरीच्या क्रमाने, नंबरासकट. त्याखाली तीन नियम. एक, दोन पानं लिहायची आणि खरं लिहायचं. दोन, पंधरा दिवसांच्या आत वही पुढच्याच्या हातात स्वतः नेऊन द्यायची. पोस्ट, कुरिअर, कंडक्टर काही चालणार नाही. तीन, कुणी गेलं तर त्याच्यावर त्याच्या पुढच्या नंबराने लिहायचं. वर्गात कोण आलेलं नाही हे सगळ्यांत आधी पुढच्या नंबराला कळतं, असं खाजामियाँचं म्हणणं.

वीस वर्षं मी अशी फिरतेय. नांदेड, भोकर, मुदखेड, लातूर. एसटीच्या खिडकीशी, भाजीच्या पिशवीत, एकदा तर तुरीच्या पोत्यावर बसून. माणसं काय लिहितात ते मला तोंडपाठ झालंय. आधी मुलांचे टक्के लिहायचे, मग स्वतःची साखर लिहू लागले. आकड्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गुडघे, मोतीबिंदू, नातवाचा व्हिसा, सुनेचा स्वभाव. मध्यंतरी मोबाइलवर त्यांचा ग्रुप निघाला, तेव्हा मला वाटलं, सुटलो आपण. पण ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की चौदा जण हात जोडतात आणि पंधरावा गुलाबाचं फूल टाकून शुभ सकाळ म्हणतो. त्यामुळे मी राहिले.

यंदाच्या जानेवारीपर्यंत बावीसपैकी नऊ जण गेले होते. त्यांची पानंही माझ्यातच आहेत. सगळे मनमिळाऊ, सगळे हसतमुख, सगळे परोपकारी. माझ्यात आजवर एकही भांडखोर माणूस मेलेला नाही. पहिला नियम सगळ्यांनी वाचलेला होता, पण मेलेल्या माणसाबद्दल खरं लिहायला कुणाचा हात धजत नाही.

आता एकतीस आणि बत्तीस नंबराचं सांगते. एकतीस म्हणजे भोकरचा ग्यानोबा. घरची शेती, आवाज मोठा, राग त्याहून मोठा. बत्तीस म्हणजे लातूरचा शिवशंकर. त्याने पुढे लातूरला गणिताचा क्लास काढला आणि नाव कमावलं. कॉलेजात दोघांची एकच खोली होती. भोकरहून एसटीने ग्यानोबाचा डबा यायचा, तो दोघांत संपायचा.

शिवशंकरच्या मुलीचं, पुनमचं लग्न ठरलं तेव्हा बिनसलं. आपल्याकडे जवळच्या माणसाला पत्रिका द्यायला घरी जावं लागतं. उंबऱ्याच्या आत जाऊन, घरच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावून 'यायचं बरं का' म्हणावं लागतं. शिवशंकरने ग्यानोबाची पत्रिका पोस्टात टाकली. ग्यानोबाने ती पोस्टमनच्या हातून घेतली, वाचली आणि तो लग्नाला गेला नाही. चार वर्षांनी ग्यानोबाची बायको धोंडाबाई वारली. तेव्हा शिवशंकर भेटायला आला नाही. झालं. बोलणं बंद.

माझी मात्र पंचाईत झाली. एकतीसने बत्तीसच्या हातात मला द्यायचं आणि दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. मुदखेडचा मल्लिकार्जुन मध्ये पडला. रेल्वेतून रिटायर झालेला, पाय घरात न टिकणारा माणूस. तो भोकरहून मला घ्यायचा आणि लातूरला पोचवायचा. नियम मोडतोय हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी बोललं नाही. गेल्या दिवाळीनंतर मल्लिकार्जुन गेला. तोही माझ्यात मनमिळाऊ म्हणूनच आहे, पण तो खरंच तसा होता.

यंदाच्या जानेवारीत मी ग्यानोबाकडे होते. न्यायला कुणी नाही. त्यात त्याच्या छातीत दुखू लागलं आणि नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तारीखही दिली. त्या संध्याकाळी तो माझी जुनी पानं उलटीत बसला. नऊच्या नऊ जणांची पानं त्याने वाचली. मग पहिलं पान काढून एकतीसच्या खाली बत्तीसवर बोट ठेवलं. आपण मेलो तर आपल्यावर कोण लिहिणार, हे त्याला तेव्हा लख्ख कळलं असावं. सकाळी त्याने मला पिशवीत घातलं आणि लेकाला न सांगता लातूरची वाट धरली.

लातूरला दार पुनमने उघडलं. ती माहेरी आली होती. तिने त्याला ओळखलं नाही.

"कोण पाहिजे?"

"एकतीस नंबर आलाय म्हणून सांग."

आतल्या खोलीत काठी पडल्याचा आवाज झाला. शिवशंकर भिंतीला धरून बाहेर आला. 

"बस," शिवशंकर म्हणाला.

"बसाया न्हाई आलो. वही द्यायला आलो," म्हणत ग्यानोबा बसला. पुनमने चहा आणून ठेवला. मग त्याने मला टेबलावर ठेवलं. "मंगळवारी माझं ऑपरेशन हाय. छाती उघडून राहिले. वाचलो तर वाचलो. न्हाई तर माझी पानं तुला लिहायची हायत. ती आत्ता लिही. मला वाचायचीत."

"वेडा आहेस का? जित्या माणसावर कुणी लिहितं का?"

"मग मेल्यावर मला वाचता येणार हाय का?"

 गणिताच्या मास्तरने चष्मा लावला आणि लिहिलं. एक पान भरलं. ग्यानोबाने मला डोळ्यांजवळ नेऊन मोठ्याने वाचलं, "ग्यानोबा हे शांत, मनमिळाऊ व परोपकारी..." आणि तो थांबला.

"ह्यो कोण हाय रे? आपल्या वर्गात व्हता का?"

स्वयंपाकघरात पुनम हसली.

"शांत म्हणं! मेसच्या मॅनेजरला ताट कुणी फेकून मारलं?"

"तूच मारलं."

"मग लिही की तसं. ह्ये नऊ जणांचं वाचलं मी. त्यांच्यातला एक बी मला वळखू आला न्हाई. मला तसं जायचं न्हाई, शिवशंकर. लई भ्या वाटून राहिलं."

शिवशंकरने पान खोडलं आणि दुसरं घेतलं. पेन टेकवून तो इतका वेळ थांबला की शाई पलीकडच्या पानावर उतरली. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे. मग त्याने भरभर लिहिलं. मला ते शब्द न् शब्द पाठ आहे.

'ग्यानोबा रागीट होता आणि बहुतेक वेळा त्याचा राग बरोबर असायचा. त्याच्या डब्यातली मोठी भाकरी तो मला द्यायचा. पुनमच्या लग्नाची पत्रिका मी त्याला पोस्टाने पाठवली. परीक्षा जवळ आल्या होत्या, क्लास चालू होते. एक रविवार काढता आला असता, मी काढला नाही. तो लग्नाला आला नाही, ते त्याने बरोबर केलं. धोंडावहिनी गेल्या तेव्हा मी भोकरला गेलो होतो. स्टँडवर उतरलो. समोर चहा घेतला. त्याच्या दारात गेल्यावर पहिला शब्द काय बोलायचा ते सुचेना. परतीच्या गाडीत बसलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.'

ग्यानोबाने हे मोठ्याने वाचलं नाही. मनात वाचलं, दोनदा.

"किती वाजता आल्ता?"

"तीन-साडेतीन झाले असतील."

"मी ओट्यावरच व्हतो. तोंड रस्त्याकडं करून बसलो व्हतो. कोण येतंय ते दिसावं म्हणून."

"चुकलं माझं."

"हाव. चुकलं."

दोघांनाही रडू आलं. मी टेबलावर होते, थोडी भिजले. कागद आहे, वाळतो. पुनमने ताटं वाढली आणि ग्यानोबा त्या दिवशी लातूरलाच राहिला.

मंगळवारचं ऑपरेशन नीट झालं. ग्यानोबा आता रोज सकाळी भोकरच्या स्टँडपर्यंत चालून येतो. गेला तो शिवशंकर. भर उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवा झाला आणि उठला नाही. माणसं तारखा ठरवतात खऱ्या, पण नंबर कुणाचा लागेल ते हजेरी सांगत नाही.

बत्तीसवर लिहायचं ते तेहतीसने. तेहतीस म्हणजे कहकशां, नांदेडच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्या लातूरला पुनमला भेटायला गेल्या, शिवशंकरच्या पायांनी नांदेड गाठणं झालं नव्हतं म्हणून जानेवारीपासून तिथेच पडलेल्या मला घेऊन आल्या, आठ दिवस पेन हातात धरून बसल्या. मग मला घेऊन त्यांनी थेट भोकर गाठलं.

"हे तू लिही, ग्यानोबा."

"नंबर तुमचा हाय, बाई."

"मालूम है. पण पहिला नियम काय? खरं लिहायचं. त्याचं खरं माझ्यापाशी तेवढं नाही."

याला महिना होऊन गेला. आज सकाळपर्यंत मी ग्यानोबाच्या कपाटात होते. माझी पाठ उसवलीय, कोपरे मऊ पडलेत, कोरी पानं मोजकी उरलीत. खाजामियाँ फोन करतो, 'वही घेऊन ये, नवी पानं जोडून देतो.' पण सुईत दोरा ओवायला आता त्याला दुसऱ्याचे डोळे लागतात. मला नवी पानं नकोत. उरलेल्या बारा जणांना आहेत ती पुरतील की कमी पडतील, याची चिंता मी करत नाही. तो माझा धर्म नाही.

वाचकहो, तुमच्याही हजेरीत तुमच्या मागे-पुढे कुणीतरी असेल. माझं एवढंच सांगणं की निम्म्या वाटेवरून परत फिरू नका. पहिला शब्द नाही सुचला तरी दारापर्यंत जा. न बोलता ओट्यावर बसलात तरी चालतं. मी इतकी घरं पाहिली, नुसत्या बसलेल्या माणसाला ऊठ म्हणणारं घर काही मला दिसलं नाही.

आज सकाळी ग्यानोबाने मला कपाटातून काढलं. शिवशंकरसाठी दोन पानं मोकळी होती. त्याने एकच ओळ लिहिली, सावकाश, शाळेत कित्ता घालून दिल्यासारख्या अक्षरात. लिहून झाल्यावर वाचली. माझा पहिला नियम त्याला चांगला माहीत आहे. तरी त्याने ती खोडली नाही. मला मिटलं, पिशवीत घातलं आणि कहकशांबाईंच्या हातात द्यायला तो नांदेडच्या गाडीला निघाला.

त्या पानावर लिहिलंय, 'धोंडा गेली तेव्हा शिवशंकर मला भेटायला आला होता.'