कडेच्या मार्गाची बस

सकाळी ऐन गर्दीत मेट्रोची वीज गेली आणि निम्मं टोरांटो फुटपाथवर येऊन आमच्या नावानं खडे फोडू लागलं. बाहेर उणे बावीस. कंट्रोल रूममध्ये मला मात्र घाम फुटला होता.

"लुर्देस, वीस बस काढ, मेट्रोच्या जागी चालवायच्यात," आमचा साहेब डेझमंड ओरडला. "कुठून ते तू बघ. फक्त मधल्या मार्गांना हात लावू नकोस बाई, लोक मला फाडून खातील."

म्हणजे कडेच्या वस्त्यांच्या काढायच्या. तिथली माणसं थोडी, ओरडली तरी कुणाला ऐकू जात नाहीत. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! वर साहेब मीटिंगमध्ये सांगणार, आपली व्यवस्था किती लवकर सावरते बघा.

काढता काढता आमच्या घरावरून जाणारा मार्ग आला. आज आईच्या डायलिसिसचा दिवस. ती आधीच्या बसनं गेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. नसली तरी? बाकीच्यांच्या आयांनी काय घोडं मारलंय? मी बटण दाबलं.

थोड्या वेळानं रेडिओ खरखरला. त्या बसचा ड्रायव्हर कुगन बोलत होता.

"कंट्रोल, सगळे उतरले, एक आजी उतरत नाहीत. म्हणतात, माझी पोरगी कंट्रोलला आहे, ती असं करणारच नाही. काय करू?"

अख्ख्या खोलीनं ते ऐकलं. डेझमंड खाली वाकून हळूच म्हणाला, "राहू दे ती एक बस. मी काही बघितलं नाही."

माझी फार इच्छा झाली. पण बाकीच्यांना थंडीत उतरवून एकट्या माझ्या आईला फिरवायचं, हे तोंडातून निघेना.

"उतरवा त्यांना," मी म्हणाले. "मुलीनंच सांगितलंय म्हणावं."

मी आईला फोन लावला. वाजत राहिला, तो तिच्या पिशवीच्या तळाशी असतो. तिच्यासाठी टॅक्सी मागवायला गेले, तर टॅक्सीवाला म्हणाला, तासभर तरी लागेल.

"कंट्रोल, उतरल्या. मी निघालोय," कुगन म्हणाला. "गोड बाई आहे हो. म्हणाली, पोरीनंच सांगितलं ना, मग ती मागची बस पाठवेलच. मी इथंच थांबते."

मागची बस मी आधीच काढली होती.