पलंगाखालचं वजन

लोर्नाने मूठ वर केली आणि पिकअप जागच्या जागी थांबली. मग तिने तळहात उघडून कमरेशी हलकेच हलवला, तशी ती परत मागे सरकू लागली. पिकअपच्या मागे तीस फुटी पांढरा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं अख्खं घरच. ते घर तिच्या बोटांच्या इशाऱ्यावर वर्कशॉपच्या दारात असं येऊन उभं राहिलं, की दोन्ही बाजूंना सारखी वीतभर जागा उरली.

वेंडेल ह्रुस्का आतल्या बाजूला खिशात हात घालून उभा होता. ते इशारे त्याने शिकवलेले होते. मूठ म्हणजे थांब, उघडा तळहात म्हणजे ये, मनगट ज्या बाजूला फिरेल त्या बाजूला शेपूट. ट्रेलर घेऊन हिंडणाऱ्या नवरा-बायकोची निम्मी भांडणं ट्रेलर मागे घेतानाच होतात, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी याच आवारात, गिऱ्हाइकांचे ट्रेलर वापरून, त्याने तिला महिनाभर धडे दिले होते. स्वतःचा घेतला की उपयोगी पडेल म्हणून. चोवीस वर्षं संसार झाला, ट्रेलर काही झाला नाही. आता ती तेच हात गेलेन शाफरला दाखवत होती आणि तो आरशातून तिच्याकडे बघून हसत होता.

काउंटरवरची जोलीन कॉफीचा मग घेऊन बाहेर आली. "विमानतळावर नोकरी मिळेल हिला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "हे काम ड्वेनला देऊ का? तुला नको असेल तर."

"ड्वेनला वजन वाटायच्या दांड्या लावता येतात?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"तुझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं रे बाबा," जोलीन म्हणाली आणि आत गेली.

हार्लन फोर्क हे नेब्रास्कातलं गाव महामार्गाला चिकटून आहे. पश्चिमेला जाणारा जो कोणी आपल्या गाडीला ट्रेलर जोडतो, त्याला इथे येईपर्यंत कळून चुकतं की काहीतरी चुकलंय. मग तो वेंडेलकडे येतो. एकतीस वर्षं वेंडेल लोकांच्या गाड्यांखाली पाठीवर पडून आहे. कोणी डोंगर बघायला निघालेलं, कोणी समुद्र, कोणी नातवंडं. त्यांची जोडणी तपासायची, आकडे सांगायचे, हात पुसायचे. लोर्नाला समुद्र बघायचा होता, ओरेगॉनचा. आणि उन्हाळा म्हणजे कामाचा हंगाम. "पुढच्या वर्षी जाऊ," तो म्हणायचा. चोवीस उन्हाळे म्हणाला. पंचविसाव्याला ती उठली आणि गेली. फार लांब नाही, चार रस्ते पलीकडे, गेलेन शाफरकडे. गेलेन टपालवाला होता. वीस वर्षं त्यांच्याच दारातल्या पेटीत टपाल टाकून गेलेला माणूस.

लोक सांगतात, वेळ गेला की माणूस सावरतो. हे सांगणाऱ्यांना कोणी सोडून गेलेलं नसतं. सहा वर्षं झाली होती आणि वेंडेल अजून दुकानात पाव घ्यायला जाताना लांबच्या रस्त्याने जायचा, गेलेनचं घर लागू नये म्हणून. आणि कधी कधी मुद्दाम जवळच्या रस्त्याने जायचा.

गेलेन उतरला. सडपातळ, नीटनेटका, शर्टाची वरची गुंडी लावलेला. "नमस्कार वेंडेल. आम्ही ओरेगॉनला निघालोच होतो. पण ही म्हणाली, वेंडेलला दाखवल्याशिवाय महामार्गाला लागायचं नाही."

हे ऐकून वेंडेलला बरं वाटायला हवं होतं. त्याला उलट कानफटात बसल्यासारखं झालं. म्हणजे हात त्याचे चालतात. बाकीचा माणूस चालत नाही.

ट्रेलरच्या दाराशेजारी लाकडाची पाटी स्क्रूने बसवली होती, कोरीव अक्षरांची. 'शाफर. गेलेन आणि लोर्ना.' सगळेच लावतात अशा पाट्या, मुक्कामाच्या जागी शेजाऱ्यांना नाव कळावं म्हणून. एकतीस वर्षांत वेंडेलने हजारो पाट्या बघितल्या असतील. ही एकच त्याने दोनदा वाचली.

"बघ," गेलेन म्हणाला, "गाडी मागून जरातरी बसलीय का? पातळीत आहे की नाही? आधी फार बसायची. पुढचे दिवे आभाळाकडे जायचे."

"मग काय केलंस?"

"हिचवरचं, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवरचं, लेबल वाचलं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने निम्मं खाल्लंय, पण वाचता येतं. ओढायचं दहा हजार पौंड, जिभेवर पाचशे. आमचा ट्रेलर सात हजार दोनशे भरला, धान्याच्या कोठारावरच्या मोठ्या काट्यावर तोलून आणला. म्हणजे ओढायला काही हरकत नाही. फक्त जीभ पाचशेच्या आत आणायची होती." ट्रेलरची जीभ म्हणजे पुढची लोखंडी दांडी, जी गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसते. "मग सामान मागे सरकवलं. जनरेटर मागच्या बंपरवर, हत्यारांची पेटी मागच्या कपाटात, पाण्याची टाकी तशीही मागेच आहे, ती भरून घेतली. आता कशी हलकी झालीय."

वेंडेल गुडघ्यांवर बसला आणि अंगठ्याने लेबलावरचा चिखल पुसला. लेबलावर ओळी दोन होत्या. साध्या गोळ्यावर ओढायचं पाच हजार, जिभेवर पाचशे. वजन वाटून देणाऱ्या दांड्या बसवल्या तरच दहा हजार आणि हजार. गेलेनने ओढायचा आकडा खालच्या ओळीतला घेतला आणि जिभेचा वरच्या. शिवाय लेबलावर फक्त जास्तीत जास्त किती ते लिहिलेलं असतं. कमीत कमी किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते वेंडेलसारख्यांना माहीत असतं. जिभेवर ट्रेलरच्या वजनाचा दहावा हिस्सा तरी पडलाच पाहिजे, थोडा जास्तच. नाही पडला तर शेपूट जड होतं आणि आडवं वारं लागलं की डोलायला लागतं. आधी थोडं, मग जास्त, आणि मग गाडी ट्रेलरला ओढत नाही, ट्रेलर गाडीला ओढतो, खड्ड्यात.

बाहेर उत्तरेचं वारं आवारातली धूळ आडवी नेत होतं. पुढे वाटेत वायोमिंगमध्ये ते दुप्पट असणार होतं.

वेंडेलच्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायला हवं, कारण असल्या गोष्टी लिहिणारे तो गाळून टाकतात. पहिला विचार आला, जाऊ दे. याने सगळं वाचलंय, याला सगळं कळतं, जाऊ दे याला. दुसरा विचार असा की शेपूट एकदा जोरात हलेल, या गुंडी लावलेल्या माणसाच्या हातून स्टिअरिंग सुटता सुटता राहील, आणि हा घामाघूम होऊन पहिल्याच दिवशी घरी परत येईल. तो विचार वेंडेलला गोड लागला. तो त्याने तोंडात घोळवला. मग कुठे, फार उशिरा, त्याला पिकअपची दुसरी सीट दिसली. तिथे लोर्नाची उशी होती.

तो उठला. पण बोलला ते कसं बोलला.

"तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलीस, तुला दोन ओळी सरळ वाचता येत नाहीत?"

गेलेनचा चेहरा उतरला. "काय चुकलं?"

"सगळंच. हे घेऊन शंभर मैलसुद्धा जाऊ नकोस. सामान उतरव, घरी जा, बागेला पाणी घाल."

"वेंडेल," लोर्ना म्हणाली. "पुरे. टायर जुने आहेत, वारं आहे, ब्रेक बघायचेत. चोवीस वर्षं ऐकलं मी हे. मला वाटलं होतं, निदान आज तरी कामाचं बोलशील. तुला आम्ही जाताना बघवत नाही, एवढंच म्हण ना सरळ."

"नाही बघवत," वेंडेल म्हणाला.

जोलीन काउंटरमागे उभी होती. काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होती, हातात पेन नव्हतं.

"नाही बघवत, खरं आहे ते," तो परत म्हणाला. "जायचंच असेल तर बसा गाडीत दोघं, निघा. नाहीतर माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, लोर्ना, काट्यावर ठेव. काटा तू वाच. मी हात लावत नाही."

त्याने कोपऱ्यातून फळी काढली, दोन पाइपचे तुकडे काढले, आणि न्हाणीघरात असतो तसला साधा वजनकाटा. असा काटा तीनशे पौंडांच्या पुढे मोजत नाही. म्हणून फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवायचं, आणि जीभ फळीवर विटेपासून एक फुटावर, काट्यापासून दोन फुटांवर टेकवायची. काट्यावर येईल त्याच्या तिप्पट खरं वजन. वर्कशॉप नवीन होतं तेव्हा काटा लोर्ना वाचायची, कारण तिचे पाढे पक्के होते.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. वाकली, चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"एकशे सदतीस."

"तिप्पट?"

"चारशे अकरा," तिने लगेच सांगितलं.

"आणि बहात्तरशेचा दहावा?"

ती खाली वाकलेलीच राहिली. वारं तिचे पांढरे होत आलेले केस तोंडावर आणत होतं आणि ती ते बाजूला करत नव्हती. मग उठली, गुडघे झटकले, आणि नवऱ्याला म्हणाली, "गेलेन, जनरेटर काढ."

"पण लेबलावर पाचशे."

"जनरेटर काढ, सोन्या."

'सोन्या' हा शब्द वेंडेलला नवीन होता. चोवीस वर्षांत तो त्याच्या वाट्याला आलेला नव्हता.

जनरेटर पिकअपमध्ये केबिनच्या पाठीशी गेला. मागची टाकी उघडली, पाणी आवारभर वाहिलं. राहिलं आतलं सामान. ते पुढे न्यायचं म्हणजे जिभेच्या जवळ, आणि या ट्रेलरात सगळ्यात पुढे होता त्यांचा पलंग. वजन ठेवायची जागा पलंगाखाली होती.

गेलेनचा खांदा दुखरा. म्हणून हत्यारांची पेटी वेंडेलने उचलली. दारातून आडवा होऊन आत शिरला, स्वयंपाकाच्या ओट्याजवळून, दोघांच्याच टेबलाजवळून, पडद्यापलीकडे. पलंग वर उचलायचा तर आधी अंथरूण सारखं करावं लागलं. त्याने ते केलं. पलंगाशेजारच्या फळीवर दोन चष्मे होते, एकाची दांडी दुसऱ्यात अडकलेली. खाली गेलेनचे सपाट निळे स्लिपर. त्याने ते पायाने सरकवले, मग वाकून हाताने नीट जोडून ठेवले. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आत घामाचा, साबणाचा, माणसांचा वास होता. लोर्नाचा एक वास त्यातून वेगळा काढता येत होता, आणि त्याने तो काढला.

पलंग वर उचलला. खाली हत्यारांची पेटी. मग बिडाचे तवे. मग डब्यांतल्या शेंगा आणि टोमॅटो, चार खोकी. मग शिवणयंत्र. प्रत्येक फेरीला तो त्या पडद्याखालून गेला आणि प्रत्येक फेरीला त्यांच्या पलंगाखाली वाकला. एखाद्याने शिक्षा म्हणून ठरवून दिलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

"मला वाटायचं, हलकं म्हणजे चांगलं," दाराबाहेरून गेलेन म्हणाला. तो खोकी हातात देत होता.

"सगळ्यांना तसंच वाटतं."

"तू मघाशी बोललास ते."

"ते मी मुद्दाम बोललो."

"हो, कळलं ते," गेलेन म्हणाला. त्याने हातातलं खोकं दारात टेकवलं. "तुझ्या जागी मी असतो तर तो वजनकाटा बाहेर आणला असता की नाही, मला माहीत नाही."

माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. वेंडेलने पुढचं खोकं मागितलं.

मग दांड्या. दोन जाड पोलादी दांड्या, गोळ्यापासून मागे जाऊन साखळीने ट्रेलरला बांधायच्या, म्हणजे जिभेचं वजन नुसतं गाडीच्या शेपटावर न पडता पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवरही वाटलं जातं. साखळीच्या चौथ्या कडीत बांधल्या, मडगार्डची उंची टेपने मोजली, गाडीचं नाक अजून वर होतं. सोडून पाचव्या कडीत बांधल्या, नाक जागेवर आलं. कामात हात चुकला नाही. जुन्या रागाने एवढा मान ठेवला होता, की हातात उतरला नव्हता.

लोर्नाने दांड्या लावायच्या आधीच काटा परत वाचला होता. "तीनशे दोन. नऊशे सहा." पाणी गेल्यावर ट्रेलर एकोणसत्तरशेच्या आसपास, म्हणजे जिभेवर शंभरात तेरा. तिने तो हिशेब मनातच केला. तिचे ओठ हलताना वेंडेलने बघितले.

"जेवलास?" तिने विचारलं. "कोबी-खिमा भरलेले पाव आहेत. सकाळी भाजलेत."

"मला कामं आहेत."

"ती तर असतातच तुला," ती म्हणाली. पण टोचून नाही म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. मग पिकअपकडे जाता जाता थांबली. "वेंडेल, आता नीट आहे ना? खरं सांग."

त्याच्याकडे अजून एक खोटं शिल्लक होतं. टायर बघू, उद्या या. ती थांबली असती. त्याच्या शब्दावर अजूनही थांबली असती, हे त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. या जगात तिच्यावर त्याची एवढीच सत्ता उरली होती, एका दिवसाची.

"नीट आहे," तो म्हणाला. "वेग पंचावन्नच्या वर नेऊ नका. पन्नास मैलांवर थांबून साखळ्या बघा. जा."

ते गेले. वेंडेल हात पुसायच्या निमित्ताने आवाराच्या कुंपणापर्यंत चालत आला. तिथून महामार्गाला चढणारी वाट दिसते आणि पुढे दोन-तीन मैल सरळ सपाट रस्ता, मध्ये झाड नाही, आडोसा नाही. कुंपणापलीकडचं गवत वाऱ्याने जमिनीला लागलं होतं. पांढरा ट्रेलर वर चढला, उजव्या लेनला लागला. एक अठरा चाकी मालट्रक त्याच्या बाजूने घोंघावत गेला, त्याचा धक्का लागणार होता.

तेव्हा वेंडेलच्या मनात आलं, हलावं. थोडंसं. एकदा.

शेपूट हललं नाही. मागून दुसरा ट्रक गेला, वाऱ्याचा मोठा झोत आला, वेंडेलला स्वतःला कुंपणाची तार धरावी लागली. ट्रेलर आखल्यासारखा सरळ चालला होता, लहान होत, पश्चिमेला. तो सरळ का चालला होता, ते तारेला धरून उभ्या असलेल्या एकाच माणसाला नेमकं माहीत होतं. पांढरा ठिपका दिसेनासा झाल्यावरही तो थोडा वेळ रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत राहिला, पाय फाकवून, वाऱ्यात तोल सांभाळत.