नकाशातली मोकळी जागा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते. कुणाचं लग्न ठरतंय, कुणी नवीन इंजिन घेतलंय, मला कळलं की तासाभरात गावभर होतं. आखाताकाठच्या चार गावांनी मिळून समुद्राची समिती काढली तेव्हा मला अध्यक्ष केलं, तेही याच गुणावर. "ही काही लपवायची नाही," म्हणाले. आता यावर काय बोलणार!

पण एक गोष्ट मी बत्तीस वर्षं पोटात ठेवली होती. अकरा वर्षांची होते. बाबा मला एकटीलाच होडीत बसवून आत घेऊन गेले. दीपगृह आणि डोंगरातली खाच एका रेषेत आली तशी त्यांनी इंजिन बंद केलं आणि वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडली. दोरी वर आली तेव्हा तिला हिरवं गवत गुंडाळलेलं होतं आणि गवताला साबुदाण्यासारखे मणी चिकटलेले. "हे काय?" "मासळीची अंडी. नीट बघ आणि लक्षात ठेव." मी वीस प्रश्न विचारले, बाबांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. गवत हलक्या हाताने पाण्यात सोडलं आणि परत फिरलो.

बाबा गेले, होडी दादाकडे आली आणि ती जागाही. त्याची निम्मी मासळी तिथून येते हे मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक. आम्ही दोघांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. याचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू!

तर परवाची बैठक. दरवर्षी मासळी कमी होत चाललीय, म्हणून आखाताचा कोणता तुकडा काही काळ बंद ठेवायचा हे ठरवायचं होतं. शास्त्रज्ञबाईंनी प्रत्येक गावाला आखाताचा नकाशा छापलेला पारदर्शक कागद दिला होता. जिथे जिथे जाळं टाकता तिथे रंग भरा, एवढंच काम. "खरं भरा हं, नाहीतर माझ्याशी गाठ आहे," असा दम मी चारही गावांच्या प्रतिनिधींना दिला होता, आमच्या गावाकडून आलेल्या दादालासुद्धा.

बाईंनी चारही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावले. आम्ही सगळे चहाचे कप घेऊन खिडकीशी गोळा झालो. लाल, निळा, हिरवा, पिवळा, सगळं आखात रंगून गेलं होतं. फक्त मधोमध तळहाताएवढी जागा कोरी, आणि तिच्यातून ऊन सरळ आत येत होतं.

मी कप खाली ठेवून काचेजवळ गेले. तीच जागा! दादाने कोरी सोडली हे समजू शकते. पण बाकीच्या तिघांनी का सोडावी?

"इथे कुणीच जात नाही?" बाईंनी विचारलं.

"खडक आहे तिथे," मिशीवाला म्हणाला. हा उत्तरेकडच्या गावाचा, मिशा मोठ्या आणि आवाज त्याहून मोठा, पण आता पंख्याकडे बघत पुटपुटला.

"जाळं फाटतं," मावशी म्हणाली. सगळं आखात तिला मावशीच म्हणतं; नवरा गेल्यापासून ती स्वतः होडी चालवते आणि तिच्या गावाच्या वतीने बोलते.

"प्रवाह वाईट," म्हातारे तांडेल म्हणाले. ते चौथ्या गावाचे, आयुष्यभर होडीवरचे प्रमुख. त्यांनी डोळेच मिटून घेतले होते.

दादाने उरलेला चहा एका घोटात संपवला.

खूश झाले ते फक्त बंदराचे इंजिनियर साहेब. "अहो, मग प्रश्नच मिटला! बंदर खोल करताना निघणारा गाळ कुठे टाकायचा, म्हणून वर्षभर डोकं खाजवतोय मी. इथे टाकू. कुणाचंच नुकसान नाही, तुम्हीच सांगताय. आज ठराव करा, सोमवारी काम सुरू." कागद त्यांच्या पिशवीत तयारच होता. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. "करा सही, अध्यक्षबाई."

आम्ही टेबलाशी बसलो. मी एकेकाचं तोंड बघत होते. मावशीने पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरंफटक केलं होतं. ही कशाला इतकी कासावीस होतेय? मला कळेना.

तेवढ्यात टेबलाखाली दादाने माझा पाय दाबला. चांगला जोरात. लहानपणापासून आमच्यात त्याचा अर्थ एकच, गप्प बस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तुझ्या पोरी त्या जागेवर शिकतायत आणि तू तिच्यावर चिखल ओतू देणार? बोलले तर बाबांचा विश्वास मोडणार होता आणि जागा सगळ्यांना कळणार होती. न बोलले तर जागाच राहणार नव्हती. मनातल्या मनात म्हटलं, बाबा, माफ करा.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "तिथे खडकबिडक काही नाही. गवत आहे आणि मासळी अंडी घालते तिथे. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या बाबांनी दाखवलंय मला."

आता दादा ताडकन उठून जाईल, असं वाटलं. उठली ती मावशी.

"तुझ्या बाबांनी? अगं बाई! आमच्या ह्यांनाही त्यांनीच दाखवली होती."

"आणि मला," मिशीवाला म्हणाला.

म्हाताऱ्या तांडेलांनी डोळे उघडले. "माझं जाळं तीन महिने रिकामं येत होतं. घरी येऊन सोबत घेऊन गेला मला. म्हणाला, भरती लागताना टाक, एरवी टाकू नकोस."

"आम्हाला भरती पूर्ण भरल्यावर," मावशी म्हणाली.

"मला ओहोटी लागताना," मिशीवाला म्हणाला.

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. "पाणी पार उतरल्यावर," दादा म्हणाला.

शास्त्रज्ञबाई लिहिता लिहिता थांबल्या. "आणि इतक्या वर्षांत तुम्ही एकमेकांना तिथे कधी दिसला नाहीत?"

"एकदा हा मिशीवाला दिसला होता," मावशी म्हणाली. "मला वाटलं, वाट चुकलाय बिचारा."

असे हसलो आम्ही! तांडेलांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मग बाईंनी हळूच विचारलं, "वर्षभर जाता?"

"छे! थंडीचे पहिले दोन महिने नाही," तिघे एकदम म्हणाले. "ती तर पहिली अट," दादा म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अंडी घालण्याचे महिने तेच." थोडा वेळ त्या खिडकीतल्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या. "तुमच्याकडे नियम आहे. पाळताय तुम्ही तो. मग मघाशी कुणीच का बोललं नाही?"

"कुणाला सांगायचं नाही म्हणून त्याने पोरांच्या गळ्याची शपथ घातलीय," तांडेल म्हणाले.

मावशीने मान हलवली, मिशीवाल्याने हलवली, दादानेही.

तासाभरात ठराव झाला. गाळ तिथे पडणार नाही, थंडीचे दोन महिने ती जागा बंद, आणि चार गावांच्या चार वेळा आता लेखी. "मग माझा गाळ मी कुठे टाकू?" इंजिनियर साहेब कुरकुरले. "तुमच्या अंगणात," मी म्हणाले. हे इतिवृत्तात घेऊ नका, असंही सांगितलं.

जिना उतरताना मात्र माझा चेहरा पडला. दादाने विचारलं, काय झालं?

"काय व्हायचंय! मला वाटायचं, बाबांनी विश्वासाने सांगितलं ते फक्त मलाच... म्हणजे, तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला नाही. इथे तर अर्ध्या आखाताला माहीत. बरं, त्यांना वेळा तरी मिळाल्या. चार वेळा, चार गावं, संपलं. मला ना होडी, ना वेळ. मग मला कशाला नेलं तिथे?" रडूच आलं मला. "आणि तू! माझा पाय दाबून मला गप्प करत होतास!"

"गप्प कुठे? बोल म्हणत होतो. मला बोलता येत नव्हतं."

मी पायरीवरच थांबले.

"तुला शपथ घातली होती बाबांनी?" दादाने विचारलं.

मी आठवून पाहिलं. दोरी, गवत, ते मणी. नीट बघ आणि लक्षात ठेव. कुणाला सांगू नकोस, असं बाबा म्हणालेच नव्हते. बत्तीस वर्षं माझी मीच गप्प बसले होते.

"तुला नेलं त्या दिवशी मी भांडलो होतो त्यांच्याशी," दादा म्हणाला. "म्हटलं, तिला कशाला दाखवलंत? तिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"मग?"

"म्हणाले, म्हणूनच."