मूळ आणि मूल

जेवणं उरकली होती आणि आत्या दिवाणावर पाय घेऊन बसली होती, म्हणजे घरात कुणाचं तरी नशीब ठरायचं होतं.

या खेपेला ते सात वर्षांच्या भिंगरीचं होतं. तिच्या यकृतात कर्करोगाची गाठ होती. औषधांनी दबली, पण पुन्हा डोकं वर काढणार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. उरला एकच मार्ग. थोरल्या बहिणीच्या मूळपेशी धाकटीला द्यायच्या, गाठ दबलेली आहे तोवरच. उपाय अजून चाचणीतला आहे, खात्री नाही, हेही बाईंनी लपवलं नव्हतं. जुळणी झाली होती ती थोरलीशीच, आणि थोरलीचं लग्न ठरलेलं.

आत्याने एवढ्यातला एकच शब्द उचलला, तोही चुकीचा.

"मूलपेशी. नावातच आलं की. लग्नाआधी पोरीने मूलपेशी देऊन टाकल्या, तर पुढे मूल कुठून होणार?"

"मूळ, आत्या. झाडाचं असतं ते," थोरली म्हणाली. "हातातून रक्त घेतात, पेशी वेगळ्या करतात, रक्त परत देतात. पेशी अंगात पुन्हा तयार होतात."

"व्याह्यांना ळ आणि ल शिकवायला तू जाणार का?"

वडिलांचं काचसामानाचं दुकान. त्यांना ळ आणि ल यांतला फरक नीट कळत होता, म्हणूनच त्यांची कीव करायचं कारण नाही. "पेला धड असला, तरी तडा गेल्याची बोलवा झाली की कपाटातच राहतो," ते म्हणाले. "लग्न होऊ दे. मग बघू."

"मग सुई टोचायला सासूची परवानगी लागेल, बाबा. आणि तोवर भिंगरी?"

वडील पंख्याकडे बघू लागले. आई दारात एकच ताटली पुसत राहिली. हे घर चार लोकांना भिऊन वागायचं, आणि त्या चौघांचं तोंड कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"स्पष्टच बोलते," आत्या म्हणाली. "ती गेल्यातच जमा आहे. एकीपायी दोघींचं वाटोळं कशाला? मुलगा असता तर गोष्ट वेगळी."

आतल्या खोलीतून बारीक आवाज आला. "ताई, आत्याला सांग, मी अजून इथेच आहे."

थोरलीने फोन उचलला आणि सगळ्यांसमोर होणाऱ्या सासूला लावला. "मी बहिणीला मूळपेशी देणार आहे. नाही, मूल नाही, मूळ. मोठ्यांना विचारून कळवता? मग राहू द्या. ज्या घरात हे विचारावं लागतं, त्या घरात मला यायचं नाही."

तिने भिंगरीला स्वेटर चढवला आणि दोघी दवाखान्याकडे निघाल्या.

"आता लोकांना तोंड कसं दाखवायचं?" आत्याने विचारलं.

पोर वाचेल का, हे त्या दुपारी कुणीच विचारलं नव्हतं.