वाचू नको म्हटलेली पेटी

अल्लीपुरात हेमराजसेठच्या कम्प्युटर सेंटरसमोर माणूस मावत नव्हता. बारावीचा निकाल लागायचा होता, पण निकालाहून मोठी ओढ भैयाजी महाराजांची. त्या उन्हाळ्यात वीज जाई, वीज येई. इंटरनेट काही येईना. भिंतीशी बाकावर ठेवलेली राउटरची पेटी दिवे लुकलुकवी, पण विजेबरोबर तिची आठवणच पुसून जाई. मग महाराज भगव्या कापडात पेटीसकट डोकं खुपसत, "ॐ नेटाय नमः, केबलाय नमः" पुटपुटत, अन् दक्षिणा खिशात पडेस्तोवर पेटीला सगळं आठवे.

सुलोचना बाहेर ओट्यावर उन्हात बसली होती. तळहातावर महाराजांनी ठेवलेला जळता कापूर. ती इथं मुलींना टायपिंग शिकवायची. नवरा दोन वर्षांमागे गेलेला.

"पेटी की याददाश्त विधवा की छाया ने खाई है, सेठ," महाराजांचं निदान. "बाई, हात हलवला तर पेटी मेली समज."

कापूर जळत जळत कातडीला टेकला. तिनं हात हलवला नाही. एरवी 'मॅडम, मॅडम' करणाऱ्या मुली तिच्या सावलीपासून पाय आखडून उभ्या होत्या.

"बाई, उद्यापासून येऊ नका," हेमराजसेठ दारातून म्हणाला. "रोजचा हा तमाशा कोन पाहीन?"

पगार थांबला की दीर त्याच दिवशी घराबाहेर काढणार, हे सुलोचनाला ठाऊक होतं.

गर्दीत मेघा होती. वर्ध्याच्या कॉलेजात नेटवर्किंग शिकवणारी, भाचीचा निकाल पाहायला आलेली. भगव्या कापडाखालून डोकावणारी चपटी निळी वायर तिला दिसली.

"महाराज, मंत्राले वायर काऊन लागते?"

कोणी फिसकन हसलं. मेघानं आत शिरून कापड ओढलं. महाराजांच्या मांडीवर लॅपटॉप, पेटीतून आलेली वायर त्यात खोचलेली.

"हात लावू नको, पोरी. भस्म होशील."

"होऊ द्या. काकूंना तर जाळून राह्यलेच तुम्ही."

तिनं आपला लॅपटॉप पेटीला जोडला, पडद्यावरच्या ओळी वाचल्या.

"सेठ, पेटी काहीच विसरली नाई. सगळ्या सेटिंग आत जतन आहेत. पण सुरू होताना काय करायचं, ते एक आकडा सांगतो. तो २१०२ पाहिजे. यांनी २१४२ करून ठेवला. म्हणजे, सुरू हो, पण जतन केलेलं वाचू नको. दर खेपेले पेटी कोरी उठते, अन् हे कापडाआड तेच पुन्हा भरून देतात."

तिनं आकडा बदलला. "काकू, आत या. पेटीवर हात ठेवा."

सुलोचनानं फोड आलेला हात ठेवला. मेघानं मेन स्विच पाडला, पुन्हा वर केला. पेटी आपला वेळ घेऊन उठली, अन् कोपऱ्यातल्या मशीनवर निकालाचं पान उघडलं.

"माह्या पोराचा नंबर पाहा आधी," म्हणत गर्दी सुलोचनाला ढकलून मशीनवर पडली. महाराज चपला हातात घेऊन मागच्या दारानं सटकले.

"झालं ते झालं, बाई," सेठ म्हणाला. "हाताले हळद लावजा. उद्या येजा."

"येईन," सुलोचना म्हणाली. "घर चालवाचं हाय मले. पन सेठ, वाचू नको असं पेटीले त्यानं सांगतलं होतं. तुमाले कोनं सांगतलं होतं? इतकी शिकलेली मानसं इथं. कापडाखाली काय हाय, एकानंही इचारलं नाई."

तिनं खाली पडलेलं भगवं कापड उचलून सेठच्या हातात दिलं.

"पुढच्या बाईच्या हातावर कापूर ठेवाच्या आधी," ती म्हणाली, "कापड उचलून पाहत जा."